मधली चौकट

१

साहेब, तुम्ही ते पत्र वाचलंच नाही.

वाचलं असतं तर आमची पोर, कादंबरी, आज घरी असती. तुम्ही 'लग्न खोटं आहे' एवढंच बघितलंत आणि शिक्का मारलात. पत्र लिहिणाऱ्यानं आपलं नाव कुठंच घातलं नव्हतं, खरंय. पण त्याच कागदावर, वरून तिसऱ्या ओळीत, एका दीड इंचाच्या चौकटीत तो आपली ओळख सोडून गेला होता. तुमच्या खात्यात एवढी माणसं बसतात, एकालाही ती दिसली नाही. मला दिसली. मी कोर्टात मराठीची दुभाषी आहे. दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे न्यायचे, हे माझं काम. तिथं माझा स्वतःचा एक शब्द चालत नाही. म्हणून इथं लिहितेय.

मार्चमधला मंगळवार, सकाळी दहा. कादंबरी आठल्ये आणि तिचा नवरा केदार मुजुमदार तुमच्या ऑफिसात ग्रीन कार्डच्या मुलाखतीला आले. ती सांगलीची, वय एकतीस. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला शिकायला आली, शिकली, तिथल्याच एका रेडिओ स्टेशनात साउंड इंजिनिअर झाली. केदार पाच वर्षांचा असताना इकडे आला, इथला नागरिक. लग्नाला तीन वर्षं झालेली. घर पार्सिपनीला. केदारचं ऑफिस दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला, म्हणून तो सोमवारी विमानानं जातो आणि गुरुवारी परत येतो. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. लपवायचं काय होतं?

बरोबर लग्नाचा अल्बम नेला होता. तुमच्या माणसानं दुसऱ्याच पानावर तो मिटला आणि केदारला म्हणाला, "बाहेर थांबा."

केदार थांबला. वीस मिनिटांनी दुसऱ्याच कुणी येऊन अल्बम त्याच्या हातात दिला.

अकरा वाजता मला त्याचा फोन. "पद्मिनीमावशी, तिला मागच्या दारानं नेलं. तिचा जेवणाचा डबा माझ्याकडेच राहिलाय."

एवढंच बोलला. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि बंद केल्याचा.

२

तीन दिवसांनी आमच्या वकीलबाईंनी फाइलची प्रत मिळवली. तारीख पडली होती. अठरा एप्रिलला कादंबरीला विमानात बसवणार. कारण? एक निनावी कागद. एका मोहिमेच्या वेबसाइटवरचा छापील फॉर्म, सगळा कॅपिटल अक्षरांत भरलेला, पोस्टानं थेट तुमच्याकडे आलेला.

पहिलं नाव: कादंबरी. मधलं नाव: केदार. आडनाव: आठल्ये. घराचा पत्ता. मजला किंवा अपार्टमेंट: एन. ए. दुसरा फोन: एन. ए. खाली मजकूर: लग्न फक्त कागदावरचं आहे, नवरा दुसऱ्या राज्यात राहतो, चौकशी करावी.

वर मोठ्या अक्षरांत मोहिमेचं नाव: 'रांग पाळा'. आणि त्याखाली डेव्ह पार्करचा हसरा फोटो.

झालं. न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी घरात त्या संध्याकाळी एकच वाक्य होतं: पार्करनं केलं.

पार्कर कोण, हे तुम्हाला माहीत आहे साहेब, तुम्ही गाडीत ऐकत असाल. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खरं नाव देवांग विश्वनाथ पारखी. जन्म पार्सिपनीचा. एकोणिसाव्या वर्षी रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या द्यायला लागला, पारखीचा पार्कर तेव्हाच झाला. पुढं स्वतःचा शो, सकाळी नऊ ते बारा. आधी टॅक्सवर ओरडला, मग शाळांच्या पुस्तकांवर. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहून पडला. दोनदा स्टेशननं घरी बसवलं, दोन्ही वेळा दुप्पट श्रोते घेऊन परत आला. कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांना तो आवडायचा कारण तो 'आमच्यातला' नव्हता तरी त्यांच्यासारखं बोलायचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं राजधानीच्या हिरवळीवर चारशे रिकाम्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. म्हणाला, "माझे वडील रांगेत उभे राहिले. या खुर्च्या अजून उभं राहणाऱ्यांच्या. मधे घुसणाऱ्यांची नावं मला कळवा." त्या एका वाक्यावर तो चाळीस स्टेशनांवर गेला. एक फोन नंबर दिला. लोक फोन करायचे, कुणाचा व्हिसा खोटा, कुणाचं लग्न खोटं ते सांगायचे, आणि तो ते आवाज बदलून शोवर लावायचा. दर तासाला एक वाक्य ठरलेलं: "घाबरू नका, तुमचा खरा आवाज कुणी माणूस ऐकत नाही. सगळं मशीन करतं."

आणि त्याच माणसाच्या शोवर, काचेपलीकडे बटणांसमोर, चार वर्षं कादंबरी बसत होती.

शनिवारी सकाळी स्टेशनसमोर निदर्शनं झाली. पुढं होते आमच्या मंडळाचे अध्यक्ष, अरुण शेजवलकर. चोवीस वर्षं अध्यक्ष. नवा आलेला प्रत्येक मुलगा त्यांच्या तळघरात आठवडाभर तरी झोपलेला असतो. कादंबरीसुद्धा. तिचे वडील गेलेले, आई सांगलीला, व्हिसा मिळाला नाही. लग्नात कन्यादान अरुणकाका आणि रत्नाकाकूंनी केलं. अल्बमच्या तिसऱ्या पानावर तो फोटो आहे, तिच्या ओंजळीखाली त्यांची ओंजळ. तुमचा माणूस दुसऱ्या पानावर थांबला होता.

काकांच्या हातात अर्ज होता, तीनशे सह्यांचा. मथळा: कादंबरी केदार मुजुमदार हिला सोडा.

"काका," मी म्हटलं, "तिच्या कागदांवर ती मुजुमदार नाही."

"अगं, आपल्यात आहे ना! लग्न झालं की झालं." मग स्टेशनच्या खिडकीकडे बोट करून म्हणाले, "चार वर्षं पोरीनं या माणसाची घाण कानात साठवली. काय काय आवाज ऐकले असतील बिचारीनं त्या खोलीत बसून!"

त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. रत्नाकाकूंनी दोघांना पाणी दिलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "निहार असता तर आज काच फोडली असती." निहार म्हणजे दोन वर्षांपूर्वी काकांविरुद्ध अध्यक्षपदाला उभा राहिलेला पोरगा. निवडणुकीआधीच त्याचे कामाचे कागद अडकले, तो परत गेला.

"काच फोडून काय होणार?" मी म्हटलं. "मी आत जाते."

"कशाला?" काकांनी पटकन विचारलं. "तो तुला काय सांगणार आहे?"

३

दार सुशांत बोरसेनं उघडलं. पुण्याचा, वर्क व्हिसावर, पार्करच्या शोचा असिस्टंट. तीन रात्री झोपला नसावा.

"मावशी, आधीच सांगतो, मी नाही केलं."

"मी विचारलं का?"

"सगळेच विचारतायत. तिच्या जागेवर आता मी बसतो ना. लोकांना वाटतं यार, जागेसाठी केलं असेल."

मी पत्राची प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती बघितली, उलटी केली, परत सुलटी केली. "हे आमच्याकडून गेलेलंच नाही."

"कशावरून?"

त्यानं कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. "आमच्याकडे आलेली प्रत्येक टिप टाइप होते आणि कोपऱ्यात नंबरचा शिक्का बसतो. मीच मारतो. मग पुढं जाते. यावर शिक्का कुठाय? आणि दुसरं, हा फॉर्म कुणी वापरतच नाही. दोन वर्षांत एकही नाही. सगळे फोन करतात."

"मग या एकानंच कागद का भरला?"

 मी तो प्रश्न पदराला गाठ मारून ठेवला.

"आवाज बदलणारं मशीन कुठाय?"

तो काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मशीन नाहीये, मावशी. कादंबरी होती. मूळ रेकॉर्डिंग ती एकटी ऐकायची, आवाज जाड-बारीक करायची, नावं कापायची, मग मला द्यायची. हे आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. बाहेर कळलं तर शो बंद."

"मूळ रेकॉर्डिंग कुठं आहेत?"

"तेच तर." त्यानं कॉम्प्युटरकडे बोट केलं. "पूर्ण फोल्डर गायब. तिला नेलं त्याच दुपारी."

"तिचे कामाचे कागद कोण भरायचं?"

"मीच. कादंबरी त्र्यंबक आठल्ये. दरवर्षी तेच तेच. झोपेतसुद्धा लिहीन."

मागून आवाज आला. तोच आवाज, जो चाळीस स्टेशनांवर वाजतो. "फोल्डर मी उडवलं."

पार्कर दारात उभा होता. रेडिओवर वाटतो त्याहून बुटका. इंग्रजीतच बोलला. मराठी मी करतेय, तेच माझं काम आहे.

"स्टेशनचे वकील यायच्या आत उडवलं. मी लोकांना शब्द दिला होता, माणूस ऐकत नाही म्हणून. तो शब्द पहिल्या दिवसापासून खोटा होता. मशीनवर माझा विश्वास नव्हता. तिच्या कानांवर होता."

"म्हणजे तिला वाचवणारा पुरावा तुम्ही पुसलात?"

"मला कुठं ठाऊक होतं तो पुरावा आहे!" तो रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "हे लाल बटण बघताय? मी माइकवर बोललेलं बाहेर जायला आठ सेकंद लागतात. तेवढ्यात हे दाबलं की माझं वाक्य मरतं. चार वर्षांत तिनं मला एकवीस वेळा वाचवलंय. माझ्याच जिभेपासून. मी तिला का पाठवीन?"

"तुमच्यासारख्या माणसाचं सांगता येत नाही."

तो हसला. "माझ्यासारखा म्हणजे? तुम्हाला काय वाटतं मॅम, मला फोन कोण करतं? गोरे? दहातले सात फोन डबे घेऊन एकत्र जेवायला जमणाऱ्या तुमच्या पॉटलकवाल्यांचे. एडिसनमध्ये घरी पोळ्या करून विकणाऱ्या बाईचं नाव, तिच्या पुतण्याचा व्हिसा, कुठल्या गोऱ्याला माहीत असणार? मी फक्त माइक दिला. बोलायला तुम्हीच लायनीत उभे राहिलात."

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच जास्त राग आला.

जाता जाता मी त्याला एकच विचारलं. "तुमच्या आईचं मधलं नाव काय?"

"तिला नाही मधलं नाव." मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "म्हणजे, पासपोर्टवर विश्वनाथ आहे. पण ते माझ्या डॅडचं नाव. क्लार्कची चूक. मी तिला दहादा म्हटलं, दुरुस्त करून घे."

मी बाहेर आले आणि गाडीत बसून हसले. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा. मग प्रत पुन्हा उघडली, तिसरी ओळ वाचली आणि हसू थांबलं.

आपली माणसं फॉर्ममधली चौकट रिकामी सोडत नाहीत. काही नसेल तर एन. ए. लिहितात. आणि लग्न झालेल्या बाईच्या मधल्या चौकटीत हात आपोआप नवऱ्याचं नाव लिहितो.

पत्र आमच्यातल्याच कुणाचं तरी होतं.

४

वकीलबाईंना मी हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पद्मिनी, मला पटतंय. पण रिवाज हा पुरावा नसतो. माणूस आणा."

त्या दुपारी केदारशी बोलले. त्याचं नावही संशयितांच्या यादीत होतं, ते त्यालाही ठाऊक होतं. "मावशी, सरळ विचारा ना." मी विचारलं नाही. नवऱ्याला बायकोपासून सुटायचं असेल तर त्याला निनावी पत्र कशाला लागतं? तिच्या अर्जाखालची स्वतःची सही मागं घेतली की झालं. त्याऐवजी हा माणूस रोज तोच डबा घासून भरत होता आणि संध्याकाळी स्वतः खात होता.

मग कादंबरीचा फोन आला. आतून. पंधरा मिनिटं मिळतात. पहिल्या मिनिटात मशीन सांगतं, हा कॉल रेकॉर्ड होतोय.

"आईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"ट्रेनिंगला आलेय म्हणून. तिथं फोन लागत नाही म्हटलं तिला. तुम्हीच बोला ना तिच्याशी, तुमचं खरं वाटतं तिला." ती हसायचा प्रयत्न करत होती. "मावशी, इथं दिवे विझत नाहीत. आवाज पण संपत नाही. मी कानावर हात ठेवून बसते. मी! साउंड इंजिनिअर!"

"कादंबरी, मशीन कोण होतं ते मला कळलंय."

ती काही बोलायच्या आत मीच पुढं म्हटलं,

"तू कुणाचा तरी आवाज ओळखलास. आणि त्याला सांगितलंस. हो ना?"

"मावशी, ही लाइन रेकॉर्ड होते."

"होऊ दे."

"नको. तुम्हाला कळत नाही. मी नाव घेतलं तर ते कायमचं कुठंतरी राहील. मी सहा वर्षं लोकांची नावं कापून काढलीत... म्हणजे चार. इथं दिवस मोजता येत नाहीत." तिचा श्वास चढला होता. "त्यानं मला पाठवलं असेल असं मला वाटत नाही. वाटूच शकत नाही. ते माझ्या..."

ती थांबली. 'तो' म्हणता म्हणता 'ते' झाले होते, ते तिलाही कळलं असावं.

"बरं, नाव नको घेऊ. काय बोललीस तेवढं सांग."

मागून गोंगाट येत होता. लोखंडी दारं, कुणाचं तरी खोकणं.

"संक्रांतीला," ती म्हणाली. "तिळगूळ देताना. म्हटलं, गोड बोला. फोनवरसुद्धा. बस. हसतच म्हटलं. वाटलं, एवढ्यानं थांबतील. तुम्ही शेजारीच उभ्या होतात, मावशी."

फोन कटला.

मी होते. जानेवारीत, मंडळाच्या कार्यक्रमाला, शाळेच्या कॅफेटेरियात. कादंबरी ताट घेऊन फिरत होती. एकानं तिळगूळ तोंडात न टाकता खिशात टाकला, "डायबेटिस गं," म्हणाला आणि कार्यक्रम अर्धा सोडून घरी गेला.

तो तिळगूळ त्यानं आमच्यासमोर खाल्लाच नव्हता.

५

पुढच्या शनिवारी दुपारी मंडळाची बैठक होती, त्याच कॅफेटेरियात. मी वकीलबाईंकडून सहा कोरे फॉर्म आणले होते. लग्न खरं आहे अशी शपथ घेणाऱ्यांसाठी. चौकटी त्याच: कादंबरीचं पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. नोटरी करणारी बाईही बरोबर आणली.

"ज्यांनी लग्न डोळ्यांनी पाहिलं त्यांनी भरा," मी म्हटलं. "सरकारी कागद आहे, तिचं नाव नीट घाला."

पाच जणांनी भरले. त्यातल्या तरुणांनी मधली चौकट सोडून दिली किंवा मला विचारलं. सहावा फॉर्म मी अरुणकाकांसमोर ठेवला.

"काका, तुमचा सगळ्यात वजनदार. कन्यादान तुम्ही केलंत."

त्यांनी पेन घेतलं. क्षणभर थांबले. बैठकीतली तीस माणसं बघत होती, केदार समोर उभा होता. नाही म्हणायला त्यांना जागाच नव्हती. ती मी ठेवली नव्हती.

त्यांनी कॅपिटल अक्षरांत लिहिलं. कादंबरी. केदार. मग आडनावापाशी जरा विचार केला आणि लिहिलं: आठल्ये. रिकाम्या चौकटींत एन. ए., एन. ए. खाली सही. नोटरीनं शिक्का मारला.

"काका, तुमच्या तीनशे सह्यांच्या अर्जावर मुजुमदार होतं ना?"

"तो आपला अर्ज. हा सरकारी. तूच म्हणालीस, नीट घाला."

"आडनाव विचार करून घातलंत. मधलं नाव सवयीनं." मी निनावी पत्राची प्रत त्यांच्या फॉर्मशेजारी ठेवली. "तेव्हासुद्धा असंच झालं."



"काय बोलतेस पद्मिनी?" काका उठले. "हे कुणीही लिहील. आपल्यात सगळे असंच लिहितात."

"बरोबर. म्हणून पार्कर सुटला, त्याला हा रिवाजच ठाऊक नाही. आणि सुशांतला तिचं नाव त्र्यंबकसकट पाठ आहे. आता मला सांगा, सगळं जग त्या पार्करला फोन करतं. या एकानंच कागद भरून परस्पर का पाठवला? कारण फोन केला असता तर तो कादंबरीच्याच कानात गेला असता. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की तिथं मशीन नाही, ती बसते."

"मला काय माहीत तिथं कोण बसतं!"

"तुम्ही निदर्शनात मला म्हणालात, काय काय आवाज ऐकले असतील बिचारीनं. पार्कर रोज तासातासाला सांगतो की माणूस ऐकत नाही. स्टेशनात तिघांना खरं ठाऊक होतं. तुम्ही चौथे कसे?"

ते केदारकडे वळले. "केदार, तू हिचं ऐकू नकोस. मी तुमचं लग्न..."

"संक्रांतीचा तिळगूळ कुठाय, काका?" मी विचारलं.

त्यांचा हात नकळत कोटाच्या खिशाकडे गेला. आणि तिथंच राहिला.

तेव्हा रत्नाकाकू बोलल्या. त्या कधी बैठकीत बोलत नाहीत, चहाचं बघतात. "अहो, तो फॉर्म आपल्या प्रिंटरमधून निघाला. मी बघितला होता. मला वाटलं, पार्करविरुद्ध पुरावा जमवताय." त्यांनी हातातला थर्मास खाली ठेवला. "निहारच्या वेळीही तळघरातून फोन केला होतात. मला म्हणालात, विम्याचा आहे."

"रत्ना, गप्प बस."

"तीस वर्षं बसले."

अरुणकाका खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. "ती सगळ्यांसमोर हसत म्हणाली मला. हसत! चोवीस वर्षं हे मंडळ मी... एका वाक्यात गेलं असतं सगळं. मला वाटलं, नुसती चौकशी होईल. घाबरेल. नोकरी सोडून केदारकडे अल्फारेटाला जाईल. मागच्या दारानं नेतात हे मला कुठं माहीत होतं?"

"निहारला कुठल्या दारानं नेलं होतं?" कुणीतरी मागून विचारलं.

केदार पुढं आला. मला वाटलं मारतो. त्यानं फक्त टेबलावरचे दोन्ही कागद उचलले, आणि ते चुरगळू नयेत म्हणून अल्बममध्ये ठेवले. तिसऱ्या पानावर.

६

आम्हाला वाटलं, सुटलं.

सोमवारी सकाळी मी पार्करला फोन केला. म्हटलं, माणूस ऐकत होता एवढं लिहून द्या, पुराव्याची साखळी पूर्ण होते. तो म्हणाला, "लिहून कशाला? बोलतो."

नऊ वाजता मी गाडीत रेडिओ लावला. त्याचा आवाज आला, नेहमीसारखा. "गुड मॉर्निंग. आज मी तुमच्याशी..." आणि गादीची जाहिरात लागली. मग दुसरी जाहिरात. मग गाणी. त्या दिवसापासून तो रेडिओवर नाही. चाळीस स्टेशनं, बत्तीस वर्षं, आठ सेकंद.

सुशांतचा फोन आला. रडत होता. "मावशी, तो सगळं कबूल करत होता. तिचं नाव घेऊन. मालक माझ्यामागे उभे होते, म्हणाले दाब. माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे, मावशी. मी दाबलं."

  ज्याला त्याला कुणीतरी कुठंतरी धरून ठेवलंय. पार्करला त्याच्या शब्दानं, सुशांतला त्याच्या कागदानं, काकांना त्यांच्या खुर्चीनं. पण ते सगळे संध्याकाळी आपापल्या घरी जातात. आत एकटी ती आहे, जिनं कुणाचंही नाव घेतलं नाही.

त्याच दिवशी आम्ही दोन्ही कागद, रत्नाकाकूंचा जबाब आणि अल्बम तुमच्याकडे पाठवला. पोच मिळाली. त्यावर लिहिलंय, तुमचं पत्र मिळालं, योग्य वेळी विचार होईल. निनावी कागदावर विचार करायला तुम्हाला किती वेळ लागला होता, साहेब? वीस मिनिटं.

आता तुमच्या टेबलावर एकाच हातानं लिहिलेले दोन कागद आहेत. एकावर नाव नाही, तो म्हणतो लग्न खोटं. दुसऱ्यावर नाव आहे, सही आहे, शिक्का आहे, तो म्हणतो हे लग्न मी लावून दिलं. आणि ज्या कागदावर लग्न खोटं म्हटलंय, त्यातही त्या हातानं बाईच्या नावामध्ये नवऱ्याचं नाव घातलंय. लिहिताना त्याचा स्वतःचाच त्या खोट्यावर विश्वास नव्हता. तुमचा आहे.

अठरा तारीख नऊ दिवसांवर आली. सांगलीहून तिची आई रोज फोन करते आणि रोज एकच विचारते, ट्रेनिंग कधी संपतंय. मी चोवीस वर्षं लोकांची उत्तरं एका भाषेतून दुसरीत नेतेय. या बाईला द्यायला माझ्याकडे कुठल्याच भाषेत उत्तर नाही, कारण ते तुम्ही दिलेलं नाही.

दोनपैकी कुठला कागद खरा धरलात? पहिला की दुसरा, एका ओळीत लिहा. इंग्रजीतच लिहा. मराठी मी करीन, शब्दाला शब्द, माझं काही न घालता.

तिला कधी सोडताय?